कितवा हैस बे तू?

सोलापूर,
२ डिसेंबर

प्रिय दोस्ता,

तू रात्री दोन वाजता टाकलेला लांबलचक निरोप मी सकाळी चहा घेता घेता वाचला. आइंडहोवेनमध्ये घर आहे, नोकरी बरी आहे, पोरगा सायकलवर शाळेत जातो, सगळं झकास. आणि शाळेच्या ग्रुपवर एकाने बाणेरच्या नव्या फ्लॅटचे फोटो काय टाकले, तर तुझी झोप उडाली. वर मलाच विचारतोस, "तुमच्या अर्थशास्त्रात या जळफळाटाला काही जागा आहे का, की तुम्ही नुसतं बजेट आणि महागाईवरच बोलता?"

जागा आहे की. फक्त आम्ही ती वर्गात उशिरा दाखवतो. बारावीच्या पोरांना मी दरवर्षी शिकवतो ते हे, की पहिल्या पोळीपेक्षा दुसरीचं समाधान कमी, दुसरीपेक्षा तिसरीचं कमी. या धड्यातला माणूस एकटाच जेवत असतो. शेजारी कोण बसलंय, त्याला काय वाढलंय, कुणाला आधी वाढलं, याचं त्याला काही नसतं. सोलापुरात असा माणूस मला तरी कुठल्या लग्नात भेटला नाही.

खरं तर आमच्या शास्त्राच्या मूळ पुरुषालाच हे ठाऊक होतं. ॲडम स्मिथने १७७६ च्या ग्रंथात लिननच्या सदऱ्याचं उदाहरण दिलंय. ग्रीक-रोमन लोक लिननच्या कापडाशिवाय मजेत जगले. पण स्मिथच्या काळात साध्या रोजंदारी मजुरालाही लिननचा सदरा घातल्याशिवाय चारचौघांत जायची लाज वाटायची. म्हणजे सदरा अंग झाकायला कमी आणि लाज राखायला जास्त. पुढे अमर्त्य सेन यांनी हेच उदाहरण घेऊन दारिद्र्याचा अर्थ लावला. १८९९ मध्ये थॉर्स्टाइन व्हेब्लेनने अमेरिकेतल्या धनिकांच्या उधळपट्टीवर अख्खं पुस्तक लिहिलं. कापडाच्या गावात वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा.

पण "माणसाला मिरवायला आवडतं" एवढं बोलून अर्थशास्त्र्याचं भागत नाही. त्याला ते गणितात मांडावं लागतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. एक पद्धत अशी: तुझं समाधान तुझ्या कमाईवर अवलंबून आणि शिवाय तुझी कमाई चारचौघांच्या सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली आहे त्यावरही. दुसरी पद्धत सरासरीला विचारतच नाही. ती फक्त नंबर लावते. शंभरात तुझ्या खाली किती जण? साठ असतील तर तुझं स्थान साठ. वरचा तुझ्यापेक्षा रुपयाने वर आहे की कोटीने, याला काही किंमत नाही. तिसरी पद्धत म्हणते, माणसाला मानाची हौस वगैरे काही नसते. त्या जागेमुळे पुढे जे मिळतं, म्हणजे चांगलं स्थळ, उधारी, पुढाऱ्याकडे वट, ते त्याला हवं असतं.

तिन्ही एकच वाटतात ना? मग असं बघ. मुकेश अंबानींची संपत्ती उद्या दुप्पट झाली असं धर. पहिल्या पद्धतीने देशाची सरासरी वर गेली, म्हणून तू आणि मी थोडे दुःखी व्हायला हवं. दुसरीत आपल्याला काहीच झालं नाही. ते आधीही आपल्या पुढे होते, आताही आहेत. पण आपला बाणेरवाला ग्रुपमध्ये तुझ्या मागे होता आणि आता पुढे गेला. एकाच माणसाने तुला ओलांडलं, आणि रात्री दोनपर्यंत जागवलं! ब्रिटनमधल्या माहितीवर बॉयस, ब्राउन आणि मूर या तिघांनी २०१० मध्ये हाच निष्कर्ष काढला होता. आयुष्याबद्दलचं समाधान सरासरीशी तुलना करून तितकं कळत नाही, जितकं आपल्यासारख्या लोकांत आपला नंबर कितवा आहे यावरून कळतं.

आता मला सांग, तुझा शेजारी डच माणूस. त्याचं घर तुझ्यापेक्षा मोठं असेलच. त्याने झोप का उडत नाही? कारण तू त्याच्या रांगेत उभाच नाहीस. तुझी रांग अजून इथे आहे, आपल्या हरिभाई देवकरण शाळेच्या मैदानावर. आपण कुणाशी तुलना करतो हे आधी ठरवल्याशिवाय वरची तिन्ही गणितं कोरडी राहतात. एर्झो लुटमर नावाच्या अभ्यासकाने २००५ मध्ये अमेरिकेतल्या माहितीवरून दाखवलं, की स्वतःची कमाई तेवढीच असताना आसपासच्यांची कमाई जास्त असेल तर माणूस कमी सुखी असतो. आणि शेजाऱ्यांशी ज्याचं जाणं-येणं जास्त, त्याला हे जास्त लागतं. ग्रुप म्यूट कर असा सल्ला मी तुला देणार नाही. दिला तरी तू ऐकणार नाहीस.

तुझ्या देशातली गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी. तिथली पोस्टकोड लॉटरी तुला माहीत असेल. दर आठवड्याला एक पिनकोड निघतो, आणि त्या कोडमध्ये ज्यांनी तिकीट घेतलंय त्यांना रोकड आणि नवीकोरी बीएमडब्ल्यू. अभ्यासकांनी जिंकलेल्यांची आणि त्यांच्या शेजाऱ्यांची चौकशी केली. बहुतेक विजेत्यांनी बीएमडब्ल्यू विकून टाकली, पैसे खिशात घातले. पण तिकीट न घेतलेले, विजेत्याच्या अगदी भिंतीला भिंत लावून राहणारे लोक? त्यांच्याकडे इतर बिनतिकीटवाल्यांपेक्षा गाड्या जास्त निघाल्या! हे वाचून मी आमच्या स्टाफरूममध्ये मोठ्याने हसलो. सोलापूर असो की हॉलंड, माणूस तोच.

मजुरीचंही तसंच. थोरल्या दादाचा कारखाना आठवतो का? अक्कलकोट रोडला, टॉवेलचा. मागच्या दिवाळीनंतर त्याने एका कारागिराचा दर वाढवला. पोरगा खरोखर चांगला, जकार्डच्या मागावर त्याचा हात बसलेला. बाकीच्यांचा दर दादाने कमी केला नव्हता. तरी आठवड्याभरात दोघं उशिरा यायला लागले, एकाची "आई आजारी पडली". दादा माझ्यावरच चिडला, "मी कुणाच्या पोटावर पाय दिला बे?" मी त्याला ओडिशाचा अभ्यास सांगितला. ब्रेझा, कौर आणि शमदसानी या तिघींनी तिथे छोट्या छोट्या कामांवर मजूर लावले, तिघातिघांचे गट केले. काही गटांत सगळ्यांना सारखी मजुरी, काहींत कमी-जास्त. गटात मजुरी कमी-जास्त असली की, हातात तेवढीच मजुरी पडूनही, काम घटलं आणि हजेरी तर चांगलीच घसरली. लोकांनी स्वतःची मजुरी बुडवून घरी बसणं पसंत केलं. मात्र जिथे जास्त मजुरी घेणारा खरंच जास्त काम करतो हे इतरांना डोळ्यांनी दिसत होतं, तिथे काही बिघडलं नाही.

दादाने हे मनावर घेतलं. शेडच्या दाराशी फळा लावला, कुणी किती नग काढले ते रोज खडूने लिहायचे. दर वाढवल्याची कुरकुर थांबली. पण फळ्यावर ज्याचं नाव सारखं तळाला यायचं तो म्हातारा मागवाला पंधरवड्याने यायचाच बंद झाला. त्याचा दर तर कुणी हलवलाही नव्हता. दादाने फळा पुसला, आता हिशोब वहीत आहे, आणि वही दादाच्या खणात. माझं मत विचारशील तर फळ्याची अर्धी गोष्ट बरोबर होती. कारण दिसलं पाहिजे, नंबर दिसायची गरज नाही.

आता घरांचं बघ. तुला आठवतंय का, कुंभारीकडे जायचो तेव्हा तिथे नुसता माळ होता? आता जाऊन बघ. आधी गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली. मग रे नगर: तीस हजार घरांचा प्रकल्प. विडीवाल्या, मागवाले, रिक्षावाले, कचरा वेचणारे. माजी आमदार नरसय्या आडम यांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी. त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. इमारतींच्या रांगाच रांगा, सगळ्यांचा रंग एक, खिडक्या एक, आत खोल्या एक. आमच्याकडच्या एका कारागिराला तिथे घर मिळालं म्हणून वास्तूला गेलो होतो. जिना चढलो तर सगळी दारं सारखी, फक्त याच्या दाराच्या चौकटीला खालून वरपर्यंत काळ्या ग्रॅनाइटची पट्टी, आणि तिच्यात मोत्यासारखी पाटी, तेलुगू आणि मराठी दोन्ही लिप्यांत. त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "समोरच्यांनी जाळीचं दार बसवलं, मग आम्हीपण काहीतरी केलंच पाहिजे की ओ." पट्टीचे पैसे बचत गटातून उचलले होते.

आता तुला वाटेल, गरिबाला घर मिळालं तरी सोस सुटत नाही. तसं नाही रे. एड हॉपकिन्स आणि तात्याना कॉर्निएन्को यांनी २००४ मध्ये नंबरवाल्या पद्धतीचं गणित शेवटपर्यंत सोडवलं, तेव्हा एक उलटंच उत्तर आलं. लोक जितके एकमेकांच्या जवळ येतात, तितकी चढाओढ वाढते. कारण सगळे एका रेषेत असले की थोड्याशा जास्त खर्चाने एकदम पुष्कळ जणांच्या पुढे जाता येतं. जुळे सोलापुरातल्या बंगल्याच्या दाराला ग्रॅनाइटची पट्टी लावली तर कुणाचं लक्ष जाणार नाही. रे नगरच्या जिन्यात तीच पट्टी मजल्यावरचा नंबर बदलते. म्हणून घरं सारखी दिली की हेवेदावे मिटतील ही आशा भाबडी आहे. आणि म्हणून घरं द्यायची नाहीत, असं म्हणणारा माणूस त्याहून वाईट. पावसात छत गळत नाही हे समाधान कुणाच्या तुलनेवर अवलंबून नसतं.

या चढाओढीत शेवटी कुणालाच काही मिळत नाही, हे फ्रेड हर्श नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये फार नेटकं सांगितलं. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघताना पुढचा टाचा उंच करतो, मग त्याच्या मागचा, मग सगळेच. दिसतं आधी होतं तेवढंच, पोटऱ्या तेवढ्या दुखतात. (हर्शने गड्डा पाहिला नव्हता, टाचांची गोष्ट मात्र त्याचीच.) गहू जास्त पिकवता येतो, टॉवेल जास्त विणता येतात. पहिला नंबर जास्त विणता येत नाही.

टॉवेलवरून आठवलं. आहेराचा टॉवेल तू विसरलास की काय? दादाकडे तो वेगळा निघतो. वजन कमी, खळ भरपूर, घडी कडक, वर चकचकीत कागद. त्याने अंग पुसायला गेलास तर पाणी अंगावरच राहतं. पण तो पुसायला नसतोच. लग्नात मांडवात माइकवरून नाव पुकारतात, काहींना फेटा बांधतात, काहींना टॉवेल-टोपी, काहींना नुसती टोपी, आणि कुणाला काय मिळालं यावरून पुढची दोन वर्षं रुसवे चालतात. तोच टॉवेल न उलगडता पुढच्या लग्नात जातो. आमच्या आईच्या ट्रंकेत अशा टॉवेलांची चळत आहे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बॉलपेनने बारीक नाव, कुणाकडून आला त्याचं. नाहीतर ज्याचा त्यालाच परत जायचा. दादाचा निम्मा धंदा या न उलगडणाऱ्या टॉवेलांवर चालतो, म्हणून तो आमच्या शास्त्राला फारशी नावं ठेवत नाही.

लग्नाच्या बाबतीत मला तिसरी पद्धत जास्त पटते. म्हणजे मान स्वतःसाठी नाही, त्यातून मिळणाऱ्या गोष्टीसाठी. ब्लॉक, राव आणि देसाई यांनी कर्नाटकातल्या कुंभार समाजाच्या लग्नांचा अभ्यास केला, तो २००४ मध्ये छापून आला. त्यांचं म्हणणं असं, की लग्नातला थाट ही गावाला दिलेली खबर असते: आम्हाला तोलामोलाचे व्याही मिळाले, आता आम्हाला त्या हिशोबाने मोजा. खबर द्यायला खर्चच करावा लागतो, कारण नुसतं तोंडाने सांगितलेलं कोण मानतं? ऋण काढून सण करणाऱ्याला आपण मूर्ख म्हणतो. त्या घराला विचार. धाकटीचं अजून जमायचं असतं, थोरलीचं साधं उरकलं तर धाकटीला स्थळं कुठली येणार? तो मूर्ख नाही, तो अडकलाय. एकट्याने थांबला तर पडतो, सगळे मिळून थांबले तर सुटतात.

सगळ्यांनी मिळून थांबायचे प्रयत्नही झाले. फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, तेव्हा भटजीशिवाय आणि कमी खर्चात लग्न हा त्यातला मोठा भाग होता. अगदी २०२५ मध्ये पुण्यातल्या हुंड्याच्या एका प्रकरणाने राज्य हादरलं, तेव्हा मराठा समाजाच्या बैठका होऊन लग्नाची आचारसंहिता मांडली गेली: पाहुणे मोजके, डीजे नको, प्री-वेडिंग नको. रॉबर्ट फ्रँक हा अमेरिकी प्राध्यापक १९८५ पासून नेमकं हेच सांगतोय, की अशा चढाओढीला सगळ्यांनी मिळून लगाम घालणं हे कुणाच्या स्वातंत्र्यावर घाला नसतं. मला ते पटतं. फक्त आचारसंहिता मांडणाऱ्यांच्या घरचं पुढचं लग्न कुठल्या लॉनवर लागतं, यावर माझं बारीक लक्ष आहे.

चढाओढ थांबवायचा आणखी एक जुना उपाय आपल्या गावात आहे, आणि त्याबद्दल माझं मन अजून ठरत नाही. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या जत्रेत सात नंदीध्वज निघतात. पहिला मान हिरेहब्बूंचा. मग देशमुखांचा, मग बाकीच्या समाजांचे, सहावा आणि सातवा मातंग समाजाचा. हा क्रम पिढ्यानपिढ्या ठरलेला. कितीही पैसेवाला येऊ दे, बाराबंदी घालून रांगेत चालेल, पण पहिला नंदीध्वज त्याला विकत मिळणार नाही. पंढरीच्या वाटेवरही तसंच. माउलींच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकी रथामागे, प्रत्येकीला नंबर. रात्री समाज आरतीला चोपदाराने दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती वाजवतच राहते, आणि मग तिचं ऐकून घेतात. एकमेकांच्या पाया पडणारी माणसं आपापली जागा मात्र जपतात. अर्थशास्त्राच्या नजरेने बघशील तर सोय छान आहे. जागा विकाऊ नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी कर्ज काढत नाही.

पण असा गोठवलेला क्रम जत्रेपुरता राहत नाही ना. तो गावभर आणि वर्षभर लागू केला की काय होतं, हे सांगणारा माणूस स्वतः अर्थतज्ज्ञच होता. बाबासाहेब कोलंबियात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हेच शास्त्र शिकले. १९३६ च्या लाहोरसाठी लिहिलेल्या आणि कधीच न झालेल्या त्या भाषणात त्यांनी दाखवून दिलंय, की जातींची उतरंड टिकते ती फक्त वरच्यांच्या जोरावर नाही. जवळजवळ प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतं, आणि ते "खाली असणं" हातातून जाईल या भीतीने मधले लोक एकत्र येत नाहीत. हे वाचून मग २०१४ मधला कुझिएम्को आणि सहकाऱ्यांचा प्रयोग वाच. खेळणाऱ्यांना एकेका डॉलरच्या फरकाने क्रम लावून दिले आणि प्रत्येकाला दोन डॉलर दिले: तुझ्या लगेच वरच्याला दे, नाहीतर लगेच खालच्याला. बहुतेक जण खालच्याला देतात. शेवटून दुसरा असतो तो मात्र हात आखडतो, कारण खालच्याला दोन दिले की तो आपल्या पुढे जाणार आणि शेवटचे आपण. अमेरिकेत किमान वेतन वाढवायला सर्वांत जास्त विरोध कुणाचा, तर किमान वेतनापेक्षा थोडंसंच जास्त कमावणाऱ्यांचा. बाबासाहेबांनी हे प्रयोगशाळेशिवाय ओळखलं होतं.

म्हणून मला विचारशील, की पैशाची चढाओढ बरी की जन्माने ठरलेला क्रम, तर मी ग्रॅनाइटच्या पट्टीच्या बाजूने आहे. बचत गटाचा हप्ता फेडता तरी येतो. नंदीध्वज मात्र मी दर संक्रांतीला जाऊन बघतो आणि अक्षताही टाकतो, त्यातली विसंगती तू दाखवून देण्याआधीच कबूल आहे.

बरं, आता कामाचं. शाळेच्या बॅचने ग्रंथालयाला पुस्तकं द्यायचं ठरवलंय आणि गॅदरिंगला देणगीदारांच्या नावांचा फलक लावायचाय. रकमेप्रमाणे नावं लावायची की अकारविल्हे, यावरून ग्रुपवर तीन दिवस महाभारत चाललंय. बाणेरवाल्याने सगळ्यात मोठी रक्कम सांगितली आहे आणि त्याचं आडनाव 'व' वरून आहे. दोघांचं म्हणणं, तू परदेशातला म्हणून तुझं नाव सगळ्यात वर टाकावं. मी विरोध केलाय. हजेरीपटाचे जुने नंबर लावा म्हटलं. तुझा किती होता बे, सदतीस ना? रक्कम शनिवारपर्यंत कळव, फलकवाल्याला ॲडव्हान्स द्यायचाय.

तुझाच,
बारा नंबर